लॅपटॉपला हार्ड डिस्क दिसेना : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सी-४०३ : सर्वांना नमस्कार. मुलीचा लॅपटॉप काल रात्रीपासून चालू केल्यावर काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढेच दाखवतो आणि तिथेच थांबतो. लॅपटॉप २०२० मध्ये घेतलेला असून आत १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क आहे. तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल त्यातच आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. एका दुकानदाराने लॅपटॉप न पाहता फोनवरच 'विंडोज उडाले आहे, फॉरमॅट मारावे लागेल' असे सांगितले. दुकानात देण्याआधी कोणी मार्गदर्शन करू शकेल का?

ए-१०२ : ताई, आमच्याकडेही असाच संदेश आला होता. विंडोज नव्याने टाकल्यावर लॅपटॉप व्यवस्थित सुरू झाला.

बी-६०१ : ताई, फॉरमॅटला कृपया होकार देऊ नका. दादांचा अनुभव खरा आहे, परंतु डिस्क शाबूत असून तिच्यावरचे विंडोज बिघडणे आणि लॅपटॉपला मुळात डिस्कच न दिसणे, या दोन्ही बिघाडांत पडद्यावर जवळजवळ हाच संदेश येतो. पहिल्या प्रकारात विंडोज पुन्हा टाकून काम भागते. दुसऱ्या प्रकारात ते टाकायला जागाच सापडत नाही. कोणता प्रकार आहे हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, कळते. लॅपटॉप चालू करताच डेल, एसर किंवा आसुस असल्यास एफ२ आणि एचपी असल्यास एफ१० ही कळ पुन्हा पुन्हा दाबा. जो निळा किंवा राखाडी पडदा येईल त्यात स्टोरेज किंवा सिस्टिम इन्फर्मेशन या सदरात डिस्कचे नाव आणि क्षमता दिसते का ते पाहा. तिथली तारीखही पाहून सांगा, कारण आतली छोटी बटण-बॅटरी संपली असेल तर तारीख मागे जाते, बायोसमधील बाकीची मांडणीही मूळ पदावर येऊ शकते आणि मग ठणठणीत डिस्कवरूनही विंडोज सुरू होत नाही. मात्र बायोसमध्ये आपण होऊन काहीही बदलू नका.

सी-४०३ : तारीख बरोबर आहे. डिस्कच्या जागी 'नॉट डिटेक्टेड' असे लिहिले होते. म्हणून लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तर या वेळी डिस्कचे नाव आले आणि विंडोजचे वर्तुळही फिरू लागले. पण मुलीने लॅपटॉप मांडीवरून टेबलावर ठेवला आणि पडदा निळा झाला. आता नाव पुन्हा गायब आहे.

ए-५०४ : पूर्वी आम्ही ऑफिसात बंद पडलेली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवत असू. कधी कधी ती चालतही असे.

बी-६०१ : काका, ती युक्ती ऐकून आहे, पण येथे करू नये. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर खोलीतील दमट हवेचे पाणी धरते. डिस्कच्या आतली तबकडी आणि तिच्यावरून फिरून माहिती वाचणारे हेड यांच्यातील अंतर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असते. तिथे एक थेंबही फार झाला. आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

ताई, लॅपटॉप हलवताच डिस्क नाहीशी झाली ही फार कामाची खूण आहे. आता एकच सांगा : चालू करताना लॅपटॉपला कान लावल्यास डिस्क फिरण्याचा सलग, मंद आवाज येतो, की ठरावीक अंतराने 'टक्-टक्' असा आवाज येतो? टक्-टक् येत असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा आणि पुन्हा चालू करू नका, कारण हेड बिघडलेली डिस्क प्रत्येक वेळी चालू करताना तबकडीवर नवे ओरखडे पडण्याची भीती असते. तसे असल्यास हे काम गल्लीतल्या दुकानाचे नाही, डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचे आहे, आणि त्याचा खर्च कित्येकदा नव्या डिस्कच्या किमतीच्या अनेक पट होतो.

सी-४०३ : आवाज सलग आणि मंद आहे. टक्-टक् अजिबात नाही.

बी-६०१ : मग माझा संशय डिस्कवर कमी आणि केबलवर जास्त आहे. काही लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्क थेट मदरबोर्डवरील सॉकेटमध्ये बसते, पण पुष्कळ मॉडेलांत ती कागदासारख्या पातळ, चपट्या रिबन केबलने जोडलेली असते. ही केबल बोर्डाच्या बाजूला एका बारीक पट्टीच्या खटक्यात अडकवलेली असते. खटका किंचित उघडला, किंवा केबल जिथे दुमडते तिथे आतली तार तडकली, की डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही. संध्याकाळी मी घरी आहे. चालणार असेल तर आपण उघडून पाहू. माझ्याकडे यूएसबी केसिंगही आहे, म्हणजे सुटी डिस्क घालून दुसऱ्या लॅपटॉपला यूएसबीने जोडायची डबी.

डी-२०१ : थोडा अडथळा आणतो, पण विषय हाच आहे. माझा लॅपटॉप नवा आहे. बायोसमध्ये एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) दिसते, परंतु पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला गेलो तर 'ड्राइव्ह सापडला नाही' असे येते. माझीही केबलच गेली असेल का?

बी-६०१ : नाही, तुमच्या थेट बोर्डावर बसणाऱ्या एम.२ एसएसडीला केबलच नसते. इंटेलच्या ११व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, एसएसडी हाताळणारी सोय चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तिचा ड्रायव्हर नसेल तर त्याला एसएसडी दिसत नाही. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून, उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्याच पडद्यावरील 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा. व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही मिळेल. परंतु आधीचे विंडोज जपायचे असेल तर तो मानू नका, कारण मग तेच सुरू होत नाही आणि बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते.

सी-४०३ : ग्रुपवर नोंद राहावी म्हणून संध्याकाळचा वृत्तांत लिहिते. बी-६०१ मधील दादांनी चार्जर काढला, मागील रबराच्या पट्ट्यांखाली लपलेले स्क्रूही काढले आणि आतील बॅटरीचा जोड सर्वांत आधी सोडवला. केबलचे बोर्डाकडील टोक नीट बसलेले होते. मात्र डिस्कजवळच्या दुमडीवर नखाएवढी पांढरट रेघ उमटलेली दिसली आणि तिथे बोट ठेवले की केबल मऊ लागत होती. डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून त्यांच्या लॅपटॉपला जोडल्यावर सगळे फोल्डर दिसू लागले. आधी फक्त मुलीचा अहवाल आणि फोटो उतरवून घेतले, बाकीचे सगळे त्यानंतर.

बी-६०१ : कधी अशी डिस्क जोडल्यावर विंडोज 'फॉरमॅट करू का' किंवा 'इनिशियलाइज करू का' असे विचारते. आतला डेटा हवा असेल तर दोन्ही ठिकाणी 'कॅन्सल' म्हणावे.

डिस्कची प्रकृती मी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने पाहिली. खराब होऊन बदललेले आणि संशयास्पद असलेले सेक्टर (डिस्कवरील माहितीचे छोटे कप्पे), दोन्हींचा आकडा शून्य आहे. याउलट 'सीआरसी एरर काउंट' बराच वाढलेला आहे, आणि हा आकडा डिस्क व बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर माहितीत झालेल्या चुकांचा असतो. म्हणजे तबकडी चांगली, वाट खराब. हे आकडे तिथे मुळात सोळा-आधारी पद्धतीत दिसतात, त्यामुळे मध्येच 'ए' किंवा 'एफ' अशी अक्षरे पाहून घाबरू नये. सेटिंगमध्ये ते दशमान करता येतात.

ए-१०२ : मग नवी एसएसडीच बसवली तर हा प्रश्न कायमचा मिटणार नाही का?

बी-६०१ : वेग नक्की वाढेल, आणि माझेही मत एसएसडीच्या बाजूने आहे. परंतु २.५ इंची साटा (या डिस्कसारख्याच जोडणीची) एसएसडी याच केबलला लागणार, त्यामुळे केबल तशीच ठेवली तर महागडी एसएसडीही कधी दिसेल, कधी दिसणार नाही, आणि दोष तिच्यावर जाईल. आधी केबल बदलावी. तिच्यावर छापलेला पार्ट नंबर पाहूनच नवी मागवावी. नुसत्या मॉडेलच्या नावावर मागवल्यास लांबी किंवा खटक्याची रुंदी वेगळी निघू शकते. मुंबईत जाणे होणार असेल तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनी केबल सोबत नेऊन जुळवून घेणे सर्वांत सोपे.

सी-४०३ : यजमान शनिवारी त्याच बाजूला जाणार आहेत, जुनी केबल त्यांच्यासोबत देते. तोपर्यंत मुलगी माझ्या लॅपटॉपवर काम करील.

बी-६०१ : ठीक. सीआरसीचा आजचा आकडा लिहून ठेवा. नवी केबल बसवली तरी तो खाली येत नाही, पण पुढच्या आठवड्यात तेवढाच राहिला तर दुरुस्ती झाली असे समजा. वाढत राहिला तर मला कळवा, मग बोर्डाकडील सॉकेट पाहू. केसिंग तुमच्याकडेच असू द्या.