उन्हाविना खोलीत झाडांची मांडणी

प्रश्न : सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जात असल्याने गच्चीवरील नेचे (फर्न) करपतात, म्हणून उत्तरेकडील अंधाऱ्या खोलीत लोखंडी मांडणीला दिवे लावून ते वाढवण्याचा विचार आहे. कोणते दिवे घ्यावेत?

उत्तर : जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे नकोत, डोळ्यांनाही ते त्रासदायकच. ६५०० केल्विनच्या (म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या रंगाच्या), २० वॅटच्या साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या प्रत्येक फळीखाली दोन लावाव्यात, शेंड्यापासून दीड वीत अंतर राखावे आणि टायमरने १२ तास प्रकाश द्यावा. झाडांनाही रात्र लागते.

दुसरे उत्तर : दोन फळ्या धरल्या तर चार पट्ट्यांना दिवसाला जवळजवळ एक युनिट वीज लागेल. मांडणी लोखंडी आहे आणि पाणी सांडणारच, तेव्हा अर्थिंग आधी तपासून घ्यावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. अर्थिंगचा विचारच केला नव्हता.