मदत हवी आहे: आजोबांचा पखवाज पावसाळ्यात सुरातून उतरतो, पुडी (तोंडावरचं चामडं) बदलू की नवा घेऊ?

कुडाळजवळच्या आमच्या गावी कायमचा राहायला आलोय. आजोबांचा पखवाज हाती आला आहे. खोड (लाकडी अंग) आमच्याच परड्यातल्या फणसाचं, त्यामुळे मोडीत काढायचा प्रश्नच नाही. तबला येतो, आता भजनात पखवाजाची साथ करायची आहे आणि हात याच वाद्यावर बसवायचा आहे.

अडचण शाईच्या (काळ्या लेपाच्या) बाजूची. भजनीबुवा पेटीच्या काळी दोन पट्टीत गातात, पखवाज मात्र तिच्या अर्धा सूर खालच्या पांढरी दोनच्या वर चढत नाही. गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून चढवला तरी पावसाळी हवेत अभंग संपेपर्यंत उतरतो. शाईच्या कडेला बारीक भेगा आहेत, वाद्या (पुड्या ताणणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या) कोरड्या आणि दोन ठिकाणी विरलेल्या. खोडाला चीर किंवा कीड नाही. धुमाची (कणीक लावायची, डावी) बाजू ठीक आहे. कणीक प्रत्येक वेळी ताजी लावतो आणि वाजवून झाल्यावर पूर्ण काढतो.

सावलीत वाळवून, कडेची सगळी घरं (वाद्यांमधल्या जागा) सारखी ठोकून आणि कापडात गुंडाळून कपाटात ठेवून पाहिलं. उन्हात तापवायचा सल्ला मिळाला होता, पण शाई आणखी तडकेल म्हणून तो मानला नाही. एका कारागिराने वाद्या काढून नटबोल्ट बसवायला सांगितलं. वजन वाढेल हे एक, आणि मला ते रूपही आवडत नाही. मिरज किंवा पंढरपूरपर्यंत नेण्याची तयारी आहे.

शाईच्या तोंडाचा व्यास साडेसहा इंच आहे. नवी पुडी आणि नव्या वाद्या घातल्या तर याच खोडावर काळी दोन टिकेल का, की भजनासाठी लहान तोंडाचा दुसरा पखवाज घेऊन हा खालच्या पट्टीत रियाजाला ठेवावा?