डॅनिश नोंदींत बाप-लेकाची आडनावं वेगळी का?

प्रश्न: वडील येन्स पेडरसन, मुलगा हान्स येन्सन, मुलगी येन्सडॅटर. लिहिणाऱ्याची चूक आहे का?

उत्तर १: चूक नाही. ही पितृनामं आहेत: वडिलांच्या पहिल्या नावाला मुलासाठी ‘सेन’, मुलीसाठी ‘डॅटर’. त्यामुळे दर पिढीत नाव बदलतं. पेडरसन म्हणजे येन्सच्या वडिलांचं नाव पेडर, म्हणजे पुढचा दुवा तुमच्या हातात आहेच. फक्त नावावर शोधू नका, एकाच गावात अनेक येन्स पेडरसन सापडतात. बाप्तिस्म्याची तारीख, शेताचं नाव आणि साक्षीदार तिन्ही जुळवा. लग्नानंतरही बाईचं पितृनाम बहुधा तेच राही, त्यामुळे आई शोधणं उलट सोपं जातं.

उत्तर २: १८२८च्या फर्मानाने कायम आडनाव सक्तीचं केलं, पण खेड्यांत जुनी रीत बरीच वर्षं टिकली. म्हणून सख्ख्या भावंडांतही एक येन्सन, दुसरा पेडरसन दिसतो.

उत्तर ३: नॉर्वेत जास्त जपा. तिथे तिसरं नाव शेताचं असे, माणूस दुसऱ्या शेतावर गेला की तेही बदले. आइसलँडमध्ये पितृनामाची रीत आजही चालू आहे.