सी-२०४ भाड्याने देण्याबद्दल

सी-२०४ : नमस्कार मंडळी. काल आमची वन बीएचके बघायला भाडेकरू आले, तर वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं. म्हणे, "कमिटीचं एनओसी आणा, बॅचलर चालत नाहीत." हे कोणी ठरवलं? आई ठाण्याला आमच्याकडे आल्यापासून घर बंद आहे, मेंटेनन्स मात्र वेळेवर भरतोय.

सी-३०१ काका : बी विंगचं प्रकरण विसरलात वाटतं. रात्री दोनला पोलीस आले होते.

सी-२०४ : काका, तिथे करारच नव्हता आणि मालक परदेशात. या दोन मुली नर्स आहेत, परळला ड्युटी.

सी-३०१ काका : म्हणजे नाइट शिफ्ट. रात्री गेट कोण उघडणार?

ए-१०२ आजी : नर्स असतील तर येऊ देत बाई. माझं बीपी तरी कोणी बघेल.

बी-४०३ : आजी, त्या राहायला येताहेत, दवाखाना थाटायला नाही 😄

ए-१०२ आजी : तू आधी तुझी स्कूटर माझ्या खिडकीखालून काढ.

ए-३०४ : भाडं किती ठरलं?

सी-२०४ : पंचेचाळीस.

ए-३०४ : दादर वेस्टला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर? स्वस्तात देताय.

बी-४०३ : संध्याकाळी रानडे रोडवरून पाच मिनिटांत येऊन दाखवा.

सेक्रेटरी : कृपया विषयाला धरून बोलावं. कमिटीने असा ठराव केलेला नाही. सभेत सदस्यांनी भावना मांडल्या होत्या, एवढंच.

बी-२०१ ताई : साहेब, भावनांवरून गेट बंद करता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, लीव्ह अँड लायसन्सला, म्हणजे घर भाड्याने द्यायच्या कराराला, सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. कराराची प्रत आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. लग्न झालंय की नाही, हा आपला प्रश्नच नाही. रात्रभर आपल्याच माणसांची शुश्रूषा करून या मुली घरी येणार आणि आपण त्यांच्याकडे संशयाने बघणार, याची मला लाज वाटते.

सी-३०१ काका : लाजेचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे. गेट कोण उघडणार?

बी-२०१ ताई : आणि सी-२०४, तुम्हीही दलालाच्या नोटरीवर जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी ऑनलाइन होते, शहरात फी १,००० रुपये.

सी-२०४ : नोंदणी करणारच आहे ताई. पण खजिनदारांनी नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याचं शुल्क, महिना अडीच हजार सांगितलंय!

खजिनदार : लिफ्टचं काम काढायचंय. भाडं खाणाऱ्यांनी थोडं जास्त दिलं तर काय बिघडतं?

सी-२०४ : "भाडं खाणाऱ्यांनी"? आईची औषधं त्यातूनच येणार आहेत.

खजिनदार : शब्द मागे घेतो.

बी-२०१ ताई : १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे : नॉन-ऑक्युपन्सी मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क १,८०० असेल तर १८० रुपये. लिफ्टचा ठराव वेगळा करा आणि सगळ्यांकडून घ्या.

ए-३०४ : म्हणजे इतकी वर्षं आमच्या भाडेकरूंवर जास्त घेतलेत ते?

सेक्रेटरी : तो विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये घेऊ. वॉचमनला आजच सूचना देतो. सी-२०४, करार झाला की दोन्ही प्रती ऑफिसात द्या.

सी-३०१ काका : गेटचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

सी-२०४ : काका, वॉचमन रात्रपाळीचा पगार घेतो. तो उघडेल.

खजिनदार : सेवाशुल्काचा हिशेब उद्या टाकतो. पालिकेचा कर त्यात धरायचा का?

बी-२०१ ताई : नाही, तो वगळून.