नगररचनेची पदवी, शैक्षणिक कर्ज आणि पहिला पगार: बेळगाव-खानापूर-निपाणीकडचे अनुभव

बारावीचा निकाल लागला की टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत घरोघरी चौकशी सुरू होते: शहर नियोजनाला घालावं का आणि कर्ज किती काढावं? जाणकारांनी लिहावं. माहितीपत्रकातलं 'सर्वोच्च पॅकेज' नको. आकडे, कागद आणि गाडी कुठे अडते ते हवं.

शहापूरकर
आधी पदवीचं नाव नीट वाचा. बी. प्लॅन. (नियोजनातली चार वर्षांची पदवी) आणि एम. प्लॅन. (त्यापुढची दोन वर्षांची) या तांत्रिक पदव्या. नगररचनाकाराच्या जागांना त्या चालतात. 'अर्बन स्टडीज'मधलं एम. ए. अभ्यास म्हणून कसदार, पण त्यातून वाट जाते ती संशोधन, संस्था आणि धोरणाच्या कामाकडे. जाहिरातीत 'नियोजनातील पदवी' मागितली की ते बाद होतं. एजंट मात्र दोन्ही एकाच दमात सांगतात.

आणखी एक. महाराष्ट्रात सहायक नगर रचनाकार पदाला सिव्हिल आणि आर्किटेक्चरवालेही बसतात. तेवढंच ध्येय असेल तर घरी राहून बेळगावात सिव्हिल करणं कितीतरी स्वस्त. दहा लाख काढून तीच परीक्षा द्यायची, हे मला तरी पटत नाही.

हिशेबी
सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: लोक मंजूर रकमेवर हप्ता काढतात. शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं.

समजा बी. प्लॅन.ला ८ लाख, दर सहा महिन्यांनी १ लाख, व्याज १० टक्के. चार वर्षं अधिक एक वर्ष सरळ व्याजाने २ लाख ६० हजार होतात. म्हणजे परतफेड सुरू होते १० लाख ६० हजारांवर. दहा वर्षांचा हप्ता सुमारे १४,००० रुपये, पंधरा वर्षांचा ११,४००. पंधरा वर्षं घेतली की हप्ता हलका वाटतो, पण एकूण व्याज बघितलंत तर झोप उडेल.

एम. प्लॅन.ला ६ लाख, दर सहा महिन्यांनी दीड लाख असे चार टप्प्यांत उचललेले: तीन वर्षांत व्याज १ लाख ३५ हजार, दहा वर्षांचा हप्ता ९,७००. तेच व्याज शिकताना आणि पुढच्या एका वर्षात भरत गेलात तर हप्ता ७,९०० वर येतो. सुरुवातीला महिना १,२५० आणि सगळी रक्कम उचलल्यावर ५,००० भरावे लागतात. काही बँका अशांना दरात १ टक्का सूटही देतात; मंजुरीपत्रात ते लिहून घ्या, तोंडी नको.

आता पगार. हातात ३० हजार धरा, जागा पुण्यात किंवा बेंगळुरूत. खोली, मेस आणि प्रवास वजा केल्यावर १४ हजारांचा हप्ता बसत नाही. हप्ता हातातल्या पगाराच्या पावपटीच्या आत हवा. तो बसत नसेल तर कॉलेज बदला किंवा कर्ज कमी करा. पगार वाढेल या आशेवर सही करू नका.

खानापूरचा
तारणाबद्दल. साधारण ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांच्या वर लागतं. त्या पलीकडे गेलात की खरी धावपळ. शेतजमीन बहुतेक शाखा घेत नाहीत, त्यात उताऱ्यावर काका-आत्यांची नावं. गावातलं घर असेल तर पंचायतीचा फॉर्म ९ आणि ११-अ (घराच्या मालकीच्या नोंदीचे उतारे) काढून ठेवा. ११-ब असेल, म्हणजे लेआउट नियमात नसेल, तर वकिलाच्या अहवालातच फाईल थांबते. सोबत ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या बोज्याचा दाखला लागतो. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर आधी ते मिटवा, सहकर्जदार म्हणून त्यांचाही सिबिल बघतात. हे सगळं प्रवेशाआधी करा बघा. फी भरायची तारीख कुणासाठी थांबत नाही.

हिशेबी
वरच्याला जोड: सोपं म्हणून गल्लीतल्या क्रेडिट सोसायटीकडून घेऊ नका. हप्ता लगेच सुरू होतो आणि प्राप्तिकरातली ८०-ई ची सवलत मिळत नाही, ती बँकेच्या, सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेच्या किंवा मान्य धर्मादाय संस्थेच्या कर्जाला. तीही फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि जुनी करप्रणाली निवडली तरच.

आर्किटेक्ट ताई
एम. प्लॅन. करणार असाल तर गेट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्याच, विषय 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग'. एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) मान्य संस्थेत वैध गुणांवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. दोन वर्षांचे जवळजवळ ३ लाख, म्हणजे कर्ज निम्म्यावर. अडतं कुठे? खातं जनधन किंवा व्यवहारावर मर्यादा असलेलं असलं की पैसे परत जातात. आधार जोडलेलं साधं बचत खातं हवं. हजेरी संस्थेने दर महिन्याला भरायची असते, ती राहिली की रक्कम तुंबते. पहिले काही महिने हातात पैसे असू द्या.

निपाणीकर
सीमाभागाचा फायदा बरेच जण सोडून देतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिथल्या व्यावसायिक प्रवेशात वेगळा उमेदवारी प्रकार आहे, आणि एमपीएससीलाही १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर बसता येतं. गावाचं नाव यादीत जसं छापलंय तसंच दाखल्यावर हवं. इकडे केपीएससीतून (कर्नाटक लोकसेवा आयोग) जायचं तर अनिवार्य कन्नड परीक्षा पास व्हावी लागते. मराठी माध्यमातल्यांनी पदवीच्या पहिल्याच वर्षी कन्नड लिहायला हात घालावा.

वडगाव
दादा, बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) किंवा स्मार्ट सिटीत इथेच काम मिळेल ना? मग भाड्याचा प्रश्नच नाही.

शहापूरकर
बेळगाव २०१६च्या स्मार्ट सिटी मिशनच्या पहिल्या वीस शहरांत होतं, पण ते मिशनच ३१ मार्च २०२५ला संपलं. अशा प्रकल्पांत जागा कंत्राटी, प्रकल्प संपला की संपल्या. ४० हजार 'व्यावसायिक शुल्क' म्हणून दिले तर १० टक्के टीडीएस कापून ३६ हातात येतात. पीएफ नाही, रजेचे पैसे नाहीत. करार संपून नवा होईपर्यंत दोन-तीन महिने कोरडे जाऊ शकतात आणि बँकेचा हप्ता त्या महिन्यांतही असतोच. कंत्राटी कामावर विसंबायचं तर सहा हप्त्यांएवढी रक्कम आधी बाजूला टाका. आणि क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर येत असेल तर लेआउटवाल्या खासगी सल्लागारांची नकाशाची कामं त्या मधल्या काळात मिळतात.