वडिलांची बारा बोअर दुनळी : वारसाचा परवाना आणि दस्त्याची डागडुजी

प्रश्न – भिवापूरकर

आमची शेती भिवापूर तालुक्यात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीपासून चार-पाच किलोमीटरवर आहे. वडिलांच्या नावे बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) एक जुनी विलायती दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती. ते गेल्यानंतर आम्ही ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा केली असून आता मला ती वारस म्हणून स्वतःच्या नावावर करून घ्यायची आहे. दोन पावसाळे ओलसर खोलीत राहिल्याने अक्रोडाच्या दस्त्यावर (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर) पांढरे डाग पडले आहेत, जुने पॉलिश सोलले आहे आणि एका बाजूला ठोका बसून खळगा झाला आहे. परवाना हाती आल्यावर दस्ता घरच्या घरी नीट करता येईल का? शिवाय रानडुकरे आणि रोही (नीलगाई) हरभरा ठेवत नाहीत. त्यासाठी दुनळीच्या जोडीला .३१५ रायफल घ्यावी, असे काही जण सुचवतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – निवृत्त लिपिक, भंडारा

जिल्हा दंडाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत अनेक वर्षे काम केल्यामुळे कागदांपुरते सांगतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. (परवानाधारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, ते वारसाकडे देता येते, ही सोय फार थोड्यांना माहीत असते.) मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि भावंडांसह इतर वारसांची लेखी नाहरकत आधी जमवा, कारण बहुतेक प्रकरणे या नाहरकतीपाशीच अडतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. वारसाचे प्रकरण तुमच्या जिल्ह्यात या कलमाखाली पाठवतात का, हे अर्जाच्या दिवशीच शस्त्र शाखेत विचारा, म्हणजे फाइल मध्येच थांबणार नाही.

परवान्यावर बोअर, बनावट आणि क्रमांक लिहिलेला असतो, तो बंदुकीवरील क्रमांकाशी अक्षरशः जुळवून पाहा. जुन्या नोंदींत एखादा आकडा चुकलेला असतो आणि तो आता दुरुस्त करून घेणे पुढच्या नूतनीकरणापेक्षा सोपे जाते.

उत्तर २ – जुना नेमबाज, नागपूर

.३१५ ही अप्रतिबंधित (सामान्य नागरिकाला परवाना मिळू शकतो अशी) बोअर असल्याने तिचा परवाना मागता येतो, .३०३ प्रमाणे ती प्रतिबंधित नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे दुनळी आणि रायफल ही जोडी मर्यादेत बसते. तरीही माझे मत स्पष्ट आहे : रायफल घेऊ नका. छर्ऱ्यांचा जोर थोड्या अंतरात संपतो, रायफलची गोळी मात्र धुऱ्यापलीकडे दोन-तीन वावरे ओलांडून जाते, आणि हंगामात रात्री प्रत्येक वावरात कोणीतरी जागलीला बसलेले असते. शिवाय बंदुकीचा परवाना मिळाला म्हणून जनावर मारता येत नाही. त्यासाठी वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि तिच्या अटींबाहेर झाडलेली गोळी म्हणजे शिकारीचा गुन्हा.

दस्त्याआधी नळीकडे पाहा. जुन्या विलायती दुनळ्यांत काडतुसाचे घर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज बसते, कारण ही लांबी काडतुसाचे दुमडलेले तोंड उघडल्यानंतरची मोजलेली असते. पण बार होताना ते तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब धोकादायक वाढतो. परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडून घराची लांबी मोजून घेतल्याशिवाय एकही बार काढू नका.

उत्तर ३ – सागवान, चंद्रपूर

लाकडाचे काम घरी होते, घाई मात्र करू नये. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या आणि पुढचा लाकडी भाग उतरवा. यंत्रणेचे अरुंद खाचांचे स्क्रू साध्या पेचकसाने खराब होतात, ते परवानाधारक कारागिराकडूनच काढून घ्यावेत. गावच्या सुताराकडे बंदूक ठेवून येऊ नका. त्याची मदत घ्यायची असेल तर त्याला घरी बोलावून आपल्या डोळ्यांदेखत काम करून घ्या.

खळगा घासून काढू नये. त्यावर ओले सुती फडके ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. दोन-तीनदा करावे लागते. तंतू तुटले असतील तर खूण राहते, ती राहू द्यावी. जुने पॉलिश काढणाऱ्या द्रवाने काढा. काचकागद अगदी बारीक घ्या आणि धातूला लागून असलेल्या कडांवर तो फिरवूच नका, कारण तेथे लाकूड धातूच्या पातळीखाली गेले की ते परत भरता येत नाही. मुठीवरील चौकटींची नक्षी जुन्या दातांच्या ब्रशने साफ करा.

तेल जवसाचे, पण घाणीवरचे खायचे नव्हे. आपल्याकडे ते सहज मिळते म्हणून लोक तेच चोळतात आणि दस्ता कित्येक आठवडे चिकट राहतो. रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड तेल घ्या, त्यात सुकवणारी द्रव्ये असतात. तळहाताने पातळ थर चोळा, थोड्या वेळाने वरचे सगळे पुसून टाका आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पावसाळ्यात हे काम करूच नये, दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

भिवापूरकर

सर्वांचे आभार. रायफलचा विचार सोडला आहे. मुठीच्या पुढे, धातूला लागूनचे लाकूड काळे पडून मऊ झाले आहे. तेही तेलानेच सुधारेल का?

सागवान, चंद्रपूर

नाही. वर्षानुवर्षे यंत्रणेतले तेल तेथे मुरले आहे. यंत्रणा उतरवल्यावर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्या भागावर जाड लेप द्या. वाळताना तो तेल शोषतो. लेप पिवळा पडणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आणि स्पिरिटजवळ विस्तव नको. त्यानंतरही लाकडात नख रुतत असेल, तर दस्ता बदलण्यासाठी कारागिराकडे न्या, कारण प्रत्येक बाराचा झटका तोच भाग झेलतो.