मदत हवी आहे: साखर कंपनीचे शेअर्स आहेत, ऊसतोडीच्या भरतीबद्दल एजीएममध्ये (वार्षिक सभेत) कसं विचारू?

नमस्कार मंडळी, माझ्याकडे एका लिस्टेड साखर कंपनीचे 300 शेअर्स आहेत, नाव लिहीत नाही. मी बीड जिल्ह्यातला, दर दिवाळीच्या आसपास आमचं निम्मं गाव तोडीला जातं, पण शेअर घेताना फक्त इथेनॉल बघितलं, हे डोक्यातच आलं नाही. यंदा शेजारचं जोडपं पाच महिने राबून आलं तरी उचल (आधी घेतलेला अ‍ॅडव्हान्स) फिटली नाही, म्हणजे पुढच्या सीझनलाही त्याच मुकादमाकडे, टोळी जमवणाऱ्या माणसाकडे, जाणं आलं. बाई एक दिवस तापाने पडली तर खाडा धरून पैसे कापले. कारखाना कुठला विचारलं तर माझ्याच कंपनीचा निघाला. तेव्हापासून मनाला लागलंय.

वार्षिक अहवाल अख्खा वाचला, त्यात हे कामगार कुठेच नाहीत, फक्त तोडणी-वाहतुकीचा खर्च आहे. कारखाना अ‍ॅडव्हान्स देतो वाहतूकदाराला, तो मुकादमाला, मुकादम कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला. मुकादमाचं कमिशन कारखान्याकडून येतं, मान्य, पण उचलीचा हिशोब त्याच्याच वहीत, कामगाराच्या हातात साधी चिठ्ठीपण नाही. भरतीचा खर्च कामगारावर पडू नये असं आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) म्हणतं, इथे तर कर्ज हीच भरती आहे.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट (त्यात पर्यावरण, कामगार वगैरेची माहिती द्यावी लागते) टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांनाच सक्तीचा, आमची त्यात नाही. माझ्यासारख्या छोट्या शेअरहोल्डरने नेमकं काय करायचं? का शेअर विकून मोकळं व्हायचं?

उत्तर १: विकू नका हो, विकलेत तर विचारायचा हक्कपण गेला. एजीएमच्या नोटिशीत स्पीकर रजिस्ट्रेशनची तारीख असते ती चुकवू नका आणि प्रश्न आधीच कंपनी सेक्रेटरीला मेल करा म्हणजे लेखी राहतो. मोघम मानवी हक्क वगैरे नको, सरळ विचारा की उचलीची लेखी पावती आणि मजुरी थेट नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यात, ही अट वाहतूकदाराच्या करारात घालणार का, कधीपासून. शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कुणाकडे किती शेअर्स त्या यादीत) कुठला म्युच्युअल फंड दिसला तर त्यालाही लिहा, 2020 पासून त्यांना सेबीचा स्ट्युअर्डशिप कोड, म्हणजे पैसे गुंतवलेल्या कंपन्यांवर लक्ष ठेवायचे नियम, लागू आहे.

धागाकर्ता: मनापासून आभार, आजच मेल लिहायला बसतो. एकच भीती, शेजाऱ्यांचा विषय निघाला तर मुकादम त्यांना धरेल, आणि उचल अजून अंगावर आहे. त्यांचं गाव-नाव कळू न देता हे मांडायचं कसं, कुणी केलंय का असं?